वटवट्या

ओस्लाच्या कोबीच्या वाफ्यात सापडला तो,
दगडी गडग्याच्या आडोशाला.
पाच-सहा चिंचोक्यांचं वजन,
डोक्यावर मधोमध पिवळी रेघ, भांगात हळद सांडावी तशी,
शेपटीच्या वर लिंबाच्या सालीएवढा उजेड.
जायचं होतं सैबेरियातून खाली, दक्षिणेच्या बांबूंत.
आला पश्चिमेला, हजारो मैल,
शेटलंडच्या या बेटावर, जिथे झाड म्हणावं असं
एकच आहे, शाळेमागे,
तेही वाऱ्याने ओणवं केलेलं.

शनिवारी दुपारपर्यंत होडी भरून माणसं आली.
कुणी रात्रभर बोटीत ओकत, कुणी बायकोचा वाढदिवस टाकून.
एकोणीस जण गडग्याला रेलून
एका कोबीकडे बघत राहिले.
नाव वटवट्या,
आणि दिवसभरात बोलला एकदाच:
च्वीऽ
शेवट वर उचललेला, दार ढकलून कुणी "आहे का घरात?" विचारावं तसा.

ओस्लाने चहा केला. कप अकराच.
आठ जणांनी मुरंब्याच्या बरण्यांतून घेतला.
लॉवरीने वहीत लिहिलं,
बेटावरची पहिली नोंद, नऊ ऑक्टोबर,
खाली स्वतःचं नाव, दोनदा गिरवून.

ती बरण्या विसळत ऐकत होती.

मंगळवारपासून होता तो तिथे.
मांजर चार दिवस न्हाणीत कोंडलेलं,
कोबीला सुरी लावलेली नव्हती,
सूप नुसत्या बटाट्यांचं.

आणि त्याआधी एकदा.
मॅग्नीची नाव परतली नाही त्या साली,
माणसं कंदील घेऊन खडकांवर,
ती अंगणात, त्याचा ओला स्वेटर
काढावा की राहू द्यावा ठरवत,
तेव्हा दोरीवर, चिमट्याच्या शेजारी,
हीच हळद.
दोरी हललीसुद्धा नाही.
लोक समुद्राचं विचारत होते.
त्यांना पाखराचं काय सांगणार?

"आधी कधी दिसला होता का गं इथे?" लॉवरीने विचारलं.
"मला कुठली पाखरं ओळखता येतात," ती म्हणाली,
आणि फडकं पिळलं.

रात्री आभाळ निवळलं, वारा फिरला.
सकाळी उशिरा पोचलेले दोघे
गडग्याशी उभे, हात खिशात.
त्यांना तिने चहा विचारला नाही.
मांजर सोडलं.
सुरी घेऊन वाफ्यात उतरली, गड्डा कापला.
वरच्या पानावर शिटेचा पांढरा ठिपका, वाळलेला.
बाकीचा कोबी सुपात गेला.
ते पान अजून खिडकीत आहे.