उणं

विमान फाटकाशी शेपटीवर बसलंय.
नाक वर, पुढची चाकं हवेत,
कॅरिअरवर दळणाचा डबा बांधला
की सायकल उचलते ना पुढचं चाक, तसं.
रात्रीचे पावणेअकरा. सुदामानगर, मागची खोली.
इंजिन अजून सुरूही केलेलं नाही मी,
फक्त प्रवासी चढवले, एकशे बेचाळीस,
आणि सामान.

विमान फुकटचं. बनवणारा कोण, कुठला, ठाऊक नाही.
पंखावरचा खिळान् खिळा रेखलाय त्यानं,
कॉकपिटात एका बटणाशेजारी रंग उडालाय,
तो उडालेला रंगसुद्धा रंगवलाय.
सोबतच्या चिठ्ठीत लिहिलंय: सर्व तपासले आहे.

हे वाक्य मी छत्तीस वर्षं ऐकलं.
सियागंजात, छावणीच्या धान्यमंडईत,
मल्हारगंजात तेलाच्या घाण्यांवर.
वजनमापं तपासायला जायचो मी.
पारडं उलटं केलं की खाली चिंच निघायची,
कधी मेण,
एकदा लोहचुंबक, त्यालाही हळदकुंकू लावलेलं,
म्हणजे कुणी हात लावू नये.
"बाबूजी, उन्नीस-बीस तो चलता है।"
त्या एकोणीस आणि विसाच्या मधल्या जागेचाच
पगार मिळायचा मला.

म्हणून फाइल उघडली.
आधी संशय रिकाम्या वजनावर:
पौंडांच्या जागी किलो घातले असतील. नव्हते घातले.
मग मधली टाकी. ती कोरडी केली,
शेपूट जिथल्या तिथे.
शेजारचा शार्दूल डोकावून म्हणाला,
"आजोबा, विकतचं घ्या ना सरळ."
त्याच्या हातात शेवेची पुडी होती,
कीबोर्डवर सांडली.

तिसऱ्या रात्री नाकात हजार पौंड टाकून पाहिले.
कुणाला दिसणार नाहीत असे, नुसता आकडा.
विमान मुकाट्यानं सरळ झालं.
मी बराच वेळ बघत बसलो त्याच्याकडे,
चांगलं दिसत होतं.
मग चिंच आठवली.
काढले हजार पौंड. पुन्हा बसलं शेपटीवर.

ओळ सापडली ती काल, चष्मा पुसल्यावर.
पुढच्या कप्प्यातलं सामान,
आणि आकड्याआधी एक आडवी रेघ,
तांदळाच्या कणीएवढी.
उणे तेवीस.
शून्याच्या पुढे अधिक, मागे उणे, असा हिशेब त्या फाइलीचा,
म्हणजे पुढच्या सगळ्या बॅगा
त्या भल्या माणसानं शेपटीच्या पोटात कोंबल्या होत्या
एका रेघेनं. झोपेत असेल. पहाट झाली असेल त्याची.

कुणाचं उणं काढू नये, आई सांगायची.
मी नोकरीच ती धरली.
दुकानदार चहा विचारायचे, प्यायचो नाही,
लग्नाला बोलवायचे, जायचो नाही.
काल एक कळ दाबली
आणि उणं काढलं.
नाक हळूहळू खाली आलं,
पुढची चाकं टेकली, किंचित दबली, थांबली.
कुणीच रडलं-ओरडलं नाही. दंड नाही, पंचनामा नाही.

मग उडवलंच. इंदूरहून पश्चिमेला.
खाली बिजासनची टेकडी नाहीच, सपाट हिरवं,
ते काम वेगळं, त्याला दुसरी फाइल.
पट्टे बांधायची घंटा वाजली, टिंग,
आणि कुंदा स्वयंपाकघरातून दाराकडे गेली:
"ह्या वेळी कोण आलं?"
आमच्या बेलचा आवाज अगदी तोच.
कडी काढल्याचं ऐकू आलं. मग लावल्याचं.
मी काही बोललो नाही.

त्या माणसाला कळवायला हवं.
सकाळपासून लिहितोय.
चलान असतं तर दोन मिनिटांत फाडलं असतं,
नाव, पत्ता, कलम.
हे जमत नाही.
आपले विमान फार सुंदर आहे, एवढं झालंय.
पुढे "परंतु" लिहिलं,
खोडलं,
"आणि" लिहिलं.