पाठीमागचा पुठ्ठा

वागादुगूत, गुंगँ वस्तीत, कडुनिंबाखाली माझं दुकान.
पाटी नाही. काच कापल्याचा आवाज
हीच पाटी.

मी चेहरे बनवत नाही.
चेहरे सरकारी छापखान्यातून येतात, गुंडाळी करून,
सोबत एक कारकून, आणि चिठ्ठी :
शुक्रवारपर्यंत एकशे चाळीस.
पोस्ट, शाळा, जकातनाका, प्रसूतिगृह.
पैसे नंतर.
(आधीच्याचे पैसेही नंतरच होते,
आणि नंतर आधीचाच राहिला नाही.)

लोक म्हणतात भिंतीला कान असतात.
असतील. मी बसवतो ते डोळे.
जकातनाक्यावरचा शिपाई लाच घेताना
खुर्ची थोडी फिरवून बसतो,
हे मी स्वतः पाहिलंय.
माझ्या कामाला याहून मोठी पावती नाही.

रेडिओवर पहाटे बँड वाजला
की मी बायकोला म्हणतो, चहा ठेव, आज काम येणार.
दुपारपर्यंत भिंतीवर
फक्त फिकट चौकोन उरलेले,
बाकी भिंत धुळीने तांबूस,
मधे तेवढीच जागा कोरी.
त्या दोन-तीन दिवसांत
देशावर त्या कोऱ्या जागेचं राज्य असतं.
तिच्याकडेही लोक दबकूनच बघतात.

आता एक गोष्ट सांगतो, कारकुनाला माहीत नाही.
पुठ्ठा महाग आहे.
म्हणून जुना फोटो मी काढत नाही,
नवा त्याच्यावर ठेवतो, काच दाबतो, खिळे ठोकतो.
जिल्हा कचेरीतल्या चौकटीत
पाच जण आहेत. एकमेकांच्या पाठीला पोट लावून.
उचलताना हाताला वजन कळतं.
सगळ्यांचे फोटो एकाच पद्धतीचे :
कॅमेरा गुडघ्याएवढा खाली,
म्हणजे माणूस आपोआप डोंगर होतो.

माझा पुतण्या इसुफू म्हणतो, काका, धंदा बदला.
चेहरा आता खिशातच असतो.
दाखवतो मला : साहेब एका पुलावर उभे,
खाली नदी, वर कबुतरं.
तो पूल कुठे आहे रे?
पूल अजून नाही, म्हणतो. फोटो आहे.
चाळीस हजार लोकांना आवडलाय.
मी काच पुसत राहतो.

हरमाटन सुटला होता त्या दिवशी, समोरचं काही दिसत नव्हतं.
पोको आली, काया गावाकडची, पायांत दोन वेगवेगळ्या चपला.
मुलगा उत्तरेला गेला होता फौजेत. परत आली ती पेटी, तीही बंद.
त्याचा एकच फोटो होता तिच्याकडे,
परेडचा. मधोमध साहेब, सलाम घेताना,
आणि खांद्यामागे, कडेला,
अर्धा कान, एक डोळा, टोपीची किनार :
वेंदपुइरे.

फोटो तोच, सरकारी. छापखान्याने
प्रत्येक कचेरीत पाठवलेला.
म्हणजे तिचा मुलगा सगळीकडे होता
आणि कुणाला दिसला नव्हता.

एवढाच हवा, म्हणाली, बोट ठेवून.
बाकीचं नको.

साहेबांच्या फोटोला कात्री लावणं म्हणजे काय
हे मला माहीत आहे. तेरासांच्या गल्लीतला
एक छायाचित्रकार अजून घरी आलेला नाही.
मी शटर खाली ओढलं.
इसुफूला मोटरसायकल सुरू ठेवायला सांगितलं, आवाजासाठी.

पात्याने कापला. नंतर इसुफूने फोनवर मोठा केला,
इतका, की डोळ्याचे ठिपके झाले,
ठिपक्यांमधे कागद दिसू लागला.
जवळून बघितलं तर काहीच नाही.
पोको जवळ गेली नाही.
दाराशी उभी राहिली, तिथूनच म्हणाली,
हो.

पैसे घेतले नाहीत. घेतले असं म्हणायचं तर
तिने कांद्याची एक जुडी ठेवली.

राहिले साहेब,
खांद्यामागे बोटभर खिडकी असलेले.
जाळता येईनात, धुराला उत्तर कोण देणार.
बाजूला ठेवले.

परवा पहाटे पुन्हा बँड वाजला.
शुक्रवारपर्यंत एकशे चाळीस.
एका चौकटीला पुठ्ठा कमी पडला,
तेव्हा मी त्यांना आत सरकवलं,
वर नवा, वर काच, चार खिळे.

ती चौकट कुठल्या कचेरीत गेली
मी लिहून ठेवलेलं नाही.