तीन मिनिटं

ओढ्यावरचा पूल खचला, त्याला चौथं वर्ष.
ओहायोतल्या या गावात
दर दुसऱ्या मंगळवारी सभा भरते,
माइकसमोर प्रत्येकाला तीन मिनिटं.
डेल हॉस्टेटलर बेडकांच्या बाजूने बोलतो,
त्याची वहिनी करवाढीच्या विरोधात,
आणि पूल तसाच,
नारिंगी पट्टी बांधून पडलेला.

छ्याओ शूलानला हसू येतं.
आमच्याकडे, ती लेकीला म्हणते,
थंडी सरायच्या आत पूल उभा होता,
रात्रभर दिवे, रात्रभर कामगार.
हे ती दवाखान्यातही सांगते, खुणा करकरून.
सांगत नाही ते
भिंतीवर वर्तुळात रंगवलेलं एकच अक्षर: पाडा.
पुलाचा तिसरा खांब
तिच्या चुलीवर उभा आहे.

हनानहून भाऊ फोन करतो,
गव्हाचं बोलतो, गुडघ्याचं बोलतो.
भरपाईचं विचारलं की म्हणतो,
आज हवा छान पडलीय.

या मंगळवारी ती उठली.
कुणीतरी माइक तिच्या उंचीला वाकवला.
ती बोलली, आपल्या खेड्याच्या बोलीत,
चूल, जर्दाळूचं झाड,
खांबाचा नंबर.
कुणाला अक्षर कळलं नाही.
कुणी थांबवलंही नाही.
घंटी वाजली. टाळ्या वाजल्या.
इतिवृत्तात एक ओळ:
एक रहिवासी पुलाविषयी बोलल्या.

परतताना लांबचा वळसा.
लेकीने विचारलं, बरं वाटलं का गं?
हळू घे, ती म्हणाली,
पुढे खड्डा आहे.
गेल्या वर्षीही होता.