नाव घालून मिळेल

जांभळी नाक्याला, भांडीवाल्यांच्या गल्लीच्या तोंडाशी
माझं मशीन. पाटी एवढीच : नाव घालून मिळेल.
घालतो मी.
काढायचं ते ज्याचं त्यानं.

मे महिन्यात आहेराची पातेली, जूनमध्ये ट्रॉफ्या.
काल वसंत विहारातल्या एका सोसायटीची
बेचाळीस पोरं एकदम आली, खोक्यात भरून,
आणि प्रत्येकाच्या नावाखाली इंग्रजीत तोच शब्द :
डिस्टिंक्शन.
अकरा अक्षरं. तीन आय, तिन्हींवर टिंब.
सतराव्या पोराचा मी सी खाल्ला.

"सी कुठाय, हरेश्वर?"
मिस्किटा बाई. तलावाजवळच्या शाळेतून रिटायर,
मोतीबिंदू दोन्ही डोळ्यांत, चूक मात्र दिसते.
"अर्थ ठाऊक आहे का याचा?"
"पंच्याहत्तर टक्क्यांच्या वर."
हसल्या. पर्स मांडीवर घेऊन स्टुलावर बसल्या.
"लॅटिनमधलं आहे रे. स्टिंग्वेरे म्हणजे टोचणं.
डिस् म्हणजे बाजूला.
टोचून, खूण करून,
एकाला बाकीच्यांतून वेगळं काढायचं.
तू करतोस तेच. टक्के फार मागाहून आले."

चौतीस वर्षं टोचतोय,
कुणी सांगितलं नव्हतं.

समोरच्या बँकेच्या दारात लाल नळकांडं टांगलंय,
एक्स्टिंग्विशर. तेही याच घरातलं म्हणे,
विझवणारं.
टोचणारा आणि विझवणारा भाऊ कसे,
यावर विद्वानांचं अजून जमलेलं नाही, म्हणाल्या.
मी म्हटलं, आमच्याकडेही भावांचं जमत नाही.

आईला अक्षर येत नव्हतं.
किसननगरच्या नळावर पहाटे चारला रांग,
सगळे हंडे एकाच दुकानातले.
बाबांनी खिळ्यानं तीन टिंबं ठोकून दिली होती
काठाच्या खाली.
अंधारात बोट फिरवून ती आपला हंडा ओढायची.
चाळीत तिला तीनटिंबी म्हणत.
चिडवायला म्हणत, पण
पाणी मोजणारा पक्यासुद्धा म्हणायचा,
तीनटिंबीचा नंबर आला, सरका.

बेचाळीस जणांना एकच शब्द टोचला
तर वेगळं कोण निघालं,
हे विचारायचं राहिलं. कारण बाईंनी
पर्समधून पेला काढला. स्टीलचा, साधा,
आहेत तसा.
"येऊरच्या पायथ्याशी आश्रम आहे एक,
सोमवारपासून तिकडे. साठ पेले, सगळे असेच."

"पूर्ण नाव घालू? का नुसतं आडनाव?"

"वाचणार कोण? एक टिंब दे.
खोल दे जरा, बोटाला लागायला हवं."

मशीन बंद केलं.
ड्रॉवरच्या तळाशी बाबांचा खिळा होता.
हातोडी शेजारच्या चप्पलवाल्याची आणली.
एक घाव.

"किती झाले?"
मला टिंबाचा भाव माहीत नव्हता.