हँडब्रेक

तुळशीचं लग्न लागलं की आमची लग्नं सुरू.
पहिली सुपारी मांगलादेवीची:
दोनशे खुर्च्या, सोळा कनाती, नवरानवरीचा सोफा.
सगळं भरलं
आणि पिकअप हलेना.

लिव्हर तर खाली पडलेला, सैल,
आपण कोणाला धरलंच नाही अशा चेहऱ्याचा.
पहिल्या गिअरला तिनं मागचं बूड जरा उचललं,
शेपटी पिरगाळल्यावर म्हैस उचलते तेवढं,
आणि पुन्हा बसली.

अय्युब मिस्त्री आला, सायकलीला जॅक बांधून.
आधी वाकून चाकाचा वास घेतला.
"केव्हा ओढला होता, भाऊ?"
आषाढात.
"मंग काय. चार महिने पाण्यापावसात दाबून धरलं त्यानं.
आता म्हनता, सोड.
थो इसरला सोडाचं."

खुर्च्या उतरल्या. कनाती उतरल्या.
सोफ्यावर मिस्त्रीचा पोरगा चहा घेऊन बसला.
ड्रमभोवती हातोडी फिरली, टण टण टण
आणि एका जागी ठप्प.
"हं," मिस्त्री म्हणाला.
आतून सांडली तांबडी भुकटी,
मला वाटलं माती; ते लोखंडच होतं.
शू घासले पॉलिश पेपरनं, स्प्रिंग नवी टाकली,
केबल मात्र म्यानातून निघेना.
पक्कडीनं ओढली. शिवी देऊन ओढली.
मग अख्खीच काढून कडुनिंबाला टांगली,
वरच्या टोकाला कापलेली बाटली उलटी बांधून
तीत डिझेल ओतलं.
"रातभर राहू द्या. घाई केली तं तुटते."

लग्न परवाचं होतं म्हणून बरं.
खाट तिथंच टाकली.
खाली डब्यात थेंब पडायचे,
टॉर्च लावून पाहिलं, काळे.
दोनला पाहिलं, तांबडे.

तेव्हा आठवलं, ओढला कोणी होता.
सुमेधनं.
सहा वर्षं गाडी थांबायच्या आत उडी मारून
चाकाखाली दगड लावणारा सुमेध.
शेवटचं लग्न उतरवून चाकणच्या कंपनीत निघाला,
म्हणाला, "आता दगड लावाले कोनी नाही, भाऊ,"
आणि दोन्ही हातांनी लिव्हर ओढला,
कट कट कट, नऊ दाते.
मी कधी पाचाच्या वर ऐकले नव्हते.

सकाळी थेंब डिझेलच्याच रंगाचा.
केबल सरकली, गेली, परत आली.
ग्रीस. ड्रम. चार नट.
मिस्त्रीनं बोटानं चाक ढकललं
तर ते त्याची बिडी पेटेपर्यंत फिरत होतं.
"पावसाळ्यात ओढाचा नाही.
गिअरमंधी टाकाची, अन् दगड."

मांगलादेवीत मंडपापुढे उतार.
नवा पोरगा मोबाईलमध्ये.
सीटखाली हात घातला, दगड होता,
एका बाजूनं टायरच्या अंगचा झिजलेला.
उतरलो, बसलो, लावला.
उठताना गुडघा वाजला,
कट.
एकच दाता.