तत्पूर्वी

वेर्ण्याच्या पठारावर, कारखान्यात,
मी सतरा वर्षं पुस्तिका लिहिते.
बॉयलरच्या, पंपांच्या, काजू वाफवायच्या टाक्यांच्या.
असलं वाङ्मय कुणी मन लावून वाचत नाही.
तेलकट बोटांनी उघडतात, हवं ते पान शोधतात,
पुन्हा स्विचबोर्डामागे खोचून ठेवतात.

चुका मला लांबून दिसतात.
'योग्य ती काळजी घ्यावी' आलं की समजावं,
कोणती काळजी ते लिहिणाऱ्यालाच ठाऊक नव्हतं.
'बोल्ट पुरेसा घट्ट करावा.'
पुरेसा कुणाच्या मनगटाला?
'ते काढून धुवावे.'
आधीच्या ओळीत झाकण, भांडं आणि नळकांडं,
आणि हे पोरकं 'ते' तिघांच्या दारात उभं.
एकाच वस्तूला पान चारवर झडप,
नऊवर वाल्व, अकरावर कॉक;
माणूस बिचारा तीन वस्तू शोधत बसतो.
'इत्यादी' खोडताना तर
माझी पेन्सिल कागद फाडते.

नव्या मुलांना सांगते, वाक्य मोठ्यानं वाचा,
एक हात यंत्रात अडकलाय असं समजून.

आणि तरी पान सहा.
ओळ चौथी.
'टाकीचे झाकण उघडावे. तत्पूर्वी वाफ पूर्णपणे सोडून द्यावी.'
शुद्धलेखन निर्दोष.
'तत्पूर्वी' वर तर मी खूश होते, भारदस्त शब्द.
गावडोंगरीच्या काजू कारखान्यात
सोयरू वेळीपनं ओळ वाचली तशी पाळली.
पहिलं आधी, दुसरं नंतर.
पूर्णविरामापाशी तो थांबला
(पूर्णविराम असतोच थांबायला)
आणि त्यानं झाकण उघडलं.

अहवाल टाईप होऊन माझ्या टेबलावर आला:
'झाकण उघडले गेल्याने वाफ बाहेर पडून
कामगाराच्या उजव्या हातास इजा झाली.'
सवयीनं पेन्सिल उचलली.
कर्ता कुठाय?
झाकण उघडलं गेलं, वाफ पडली, इजा झाली,
घरात कुणी नसताना भांडं पडावं
तसं सगळं.
समासात लिहिलं:
'पुस्तिकेतला क्रम उलटा होता. ती पुस्तिका मी लिहिली.'

केंकरेसाहेबांनी चष्मा काढला.
म्हणाले, तुम्हाला व्याकरण तपासायला दिलं होतं.
म्हटलं, व्याकरणच तपासलंय.

अहवाल माझ्या ओळीशिवाय पणजीला गेला.

शनिवारी कदंबाच्या बसनं करमल घाट उतरले.
पिशवीत नवं पान सहा.
वाफ सोडा.
काटा शून्यावर येईपर्यंत थांबा.
चाक डावीकडे फिरवा.
झाकण उघडा.
'तत्पूर्वी' गेला.
'पूर्णपणे' ही गेला, काट्याला तो लागत नाही.

सोयरू ओट्यावर होता,
पट्टीतला हात मांडीवर,
दुसऱ्या कुणाचा सांभाळायला घेतल्यासारखा.
बायकोनं पाणी आणि गुळाचा खडा ठेवला.
माफीचं वाक्य मी बसमध्ये तीनदा जुळवलं होतं,
तोंडातून आलं, 'चूक झाली.'
सतरा वर्षं, आणि कर्ता पुन्हा गायब.
मग म्हटलं, 'मी चूक केली.'
त्यानं ऐकलं की नाही, कळलं नाही.
कागद मागितला.

डाव्या हाताचं बोट एकेका ओळीखालून सरकत गेलं.
तिसरीवर थांबलं.
"बाय, दाव्या हाताक म्हळ्यार
कोणाच्या दाव्या हाताक?
टाकयेफाटल्यान रावल्यार?"

मी पिशवी चाचपली. पेन्सिल ऑफिसात राहिली होती.
त्याच्या मुलीनं दप्तरातून एक आणून दिली,
टोकाला दातांनी चावलेली.