रकाना : कोठून

सातुर्निनो चाइलेचा टँकर
पहाटे साडेचारला चढण चढून येतो,
दहा हजार लिटर घेऊन, पहिल्या गिअरमध्ये कण्हत.
व्हॉल्व्ह सोडण्याआधी टोपी काढून
तो ओंजळभर पाणी जमिनीवर सांडतो.
इथे, अताकामात,
जिथे पाणी सांडणं म्हणजे पगार सांडणं.

आत आम्ही, फुटल्या ओठांना व्हॅसलीन चोपडत,
एका धूमकेतूचं पाणी मोजतोय.
हवेत ओल नसेल तरच
लांबचं पाणी ऐकू येतं,
म्हणून तर एवढ्या कोरड्या जागी येऊन बसलो.

दहा रात्री नुसता सपाट गोंगाट.
अकराव्या रात्री त्यातून एक टेंगूळ वर आलं :
जड पाणी.
हायड्रोजनच तो, साधा,
फक्त कडेवर एक न्यूट्रॉन घेतलेला.
आपल्या समुद्रात असे लेकुरवाळे
सहा हजार चारशेंत एक.
जिथे गारठा अधिक, तिथे ते अधिक.
कडेवर ओझं असलेल्याला थंडीत उठवत नाही,
बर्फ धरेल तिथेच तो बसून राहतो,
सूर्य पेटायच्याही आधीपासून.

एउलोहिया कोल्केने भागाकार तीनदा केला.
मग वहीत, पेन्सिलने : एकवीसशेंत एक.
तिप्पट.
म्हणजे हे पाणी आपल्या घराण्यातलं नव्हे.
आणखी एक सोयरीक मोडली, मी म्हटलं.
ती हसली नाही.
तिचे आजोबा लिबोरियो
कालवे उपसायच्या दिवशी डोळे मिटून पाणी चाखायचे :
हे वरच्या झऱ्याचं, हे दरीतलं,
यात गंधकाच्या ओढ्याचं मिसळलंय कुणीतरी.
"चुकले नाहीत कधी," ती म्हणाली,
"आणि त्यांना त्रुटीची टक्केवारीही द्यावी लागत नसे."

माझ्या भाषेत म्हणतात, नदीचं मूळ शोधू नये.
ऋषीचं कूळही.
तिला भाषांतर करून सांगितलं.
"का?"
मला उत्तर सुचेना. कदाचित
मुळाशी गेलं की एवढंसं डबकं निघतं म्हणून,
किंवा तेही नाही, नुसती धूळ, गारठा,
आणि कुणीच न पाहिलेला अंधार.

कोकाच्या पानांचा चहा प्यायला सातुर्निनो आत आला.
एउलोहियाने त्याला सांगितलं :
आपला समुद्र या टँकरमधून आलेला नाही.
तो साखर ढवळत राहिला, विरघळून गेली तरी.
"पण आणला कुणीतरी," तो म्हणाला.
"पाणी काही आपण होऊन चढत नाही."

मग पावतीपुस्तक पुढे सरकवलं.
तारीख, लिटर, गाडीचा नंबर, माझी सही.
"कोठून" या रकान्यात
वर्षानुवर्षं तो एकच शब्द लिहितो,
खालच्या प्रतीवर उमटावा इतका दाबून :
खालून.